अजिंठ्याचा चेहरा नको, छत घ्या

मेहकर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा : "आम्ही ११ जणी आहोत. चार शिलाई मशिन्स आहेत, दोघींचा चित्रकलेचा हात बरा आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या वस्तू करायच्या म्हणून हातात कमळ धरलेल्या पद्मपाणीचा फोटो इंटरनेटवरून घेतला, शहरातून चहाच्या मगांवर आणि पिशव्यांवर छापून आणला. प्रदर्शनात दोन दिवसांत सात नग गेले, त्यातले तीन नातेवाइकांनीच घेतले. आमचं चुकलं कुठे? उरलेल्या मालाचं काय करायचं? आणि ही जुनी कला नव्या वस्तूंत आणायची तर सुरुवात कुठून करायची?"

ताई, चूक तुमच्या हाताची नाही, तुम्ही उचललेल्या गोष्टीची आहे. मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात छपाईचं छोटं वर्कशॉप चालवतो. पंचवीस वर्षं कापडावर आणि कागदावर छापतोय, त्यातली निम्मी अजिंठ्याच्या नादात गेली. तुम्ही जे केलंत तेच मी आधी केलं होतं, आणि जरा जास्त पैसे घालून केलं होतं.

पद्मपाणीचा चेहरा मी उशीच्या अभ्र्यावर छापला होता. चांगलं जाड कापड, चार रंगांची स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, ६० नग. ते घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीच्या बाहेर पाल टाकून बसलो. मला वाटलं, लाखो लोक येतात, सगळे बुद्धाला मानणारे, एका दिवसात माल संपेल. दुपारी एक आजी आल्या. उशी उचलली, कपाळाला लावली आणि परत ठेवली. "बुद्ध भगवानाच्या तोंडावर बसाचं का जी आता?" मी शहाणपणा केला. म्हटलं, आजी, हा बुद्ध नाही, बुद्ध होण्याच्या वाटेवरचा बोधिसत्त्व आहे. त्या म्हणाल्या, "बोधिसत्त्व त बाबासाहेब हायेत. मंग त अजूनच नाई बसता येत."

चार उश्या विकल्या, छप्पन्न घरी आणल्या. परतीच्या एसटीत मला कळलं की मी गिऱ्हाइकाला ओळखत नव्हतो आणि चित्रालाही.

चित्राचं आधी सांगतो. पद्मपाणी १ नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराशेजारी, भिंतीवर, माणसापेक्षा मोठ्या आकारात उभा आहे. त्याची जादू कशात आहे? डोळे खाली झुकलेले आहेत. अंधारातून त्याच्यासमोर येऊन तुम्ही मान वर करता, तेव्हा तो तुमच्याकडे पाहतोय असं वाटतं. चेहऱ्यावरची गोलाई उजेड-सावलीने आणलेली आहे. जुन्या चित्रशास्त्रात त्याला वर्तना म्हणतात. रंगाची एक छटा दुसरीत कधी मिसळली ते कळत नाही. आता हाच चेहरा चार इंचांचा करून कपावर लावा. मोठेपणा गेला, अंधार गेला, वर्तनेच्या जागी छपाईचे ठिपके आले. उरलं काय, तर पर्यटनाच्या पोस्टरवर प्रत्येकाने शंभरदा पाहिलेलं एक तोंड. त्याला पैसे कोण देणार?

म्हणून माझा सल्ला एकच आहे, बाकी सगळं त्याच्या पोटात येतं : भिंतीकडे पाठ करा आणि छताकडे पाहा.

१, २ आणि १७ नंबरच्या लेण्यांची छतं बघा. बहुतेक लोक भिंतीवरच्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, शोधत फिरतात, गाइडही तिकडेच बोट दाखवतो. वर कुणी बघत नाही, मान दुखते. पण त्या छतावरचं काम करणारा माणूस आपल्यासारखाच होता. त्याच्यापुढे कथा नव्हती, जागा भरायची होती. मोठा चौकोन, त्यात एकात एक वर्तुळं, मध्ये कमळ, चौकोनाच्या उरलेल्या चार कोपऱ्यांत उडणारी जोडपी किंवा वेल. भोवती लहान लहान चौकटी : कुठे कमळाची कळी, कुठे फळं, कुठे हंस, कुठे हत्ती. हे नक्षीकाम सपाट आहे. भिंतीवरच्या चेहऱ्यांना वर्तना लागते, छतावरची वेल मात्र रेषेवर आणि रंगाच्या सपाट ठशावर उभी आहे. तुमच्या स्क्रीनला, ठशाला, भरतकामाच्या सुईला जमणारी गोष्ट हीच आहे. वर्तना तुमच्या स्क्रीनला जमणार नाही, माझ्याही स्क्रीनला जमत नाही.

आणि मांडणी तर आयती आहे. चौकोनात वर्तुळ, कोपरे भरलेले : हा झाला चौकोनी रुमाल, टेबलक्लॉथ, उशीचा अभ्रा. हंसांची लांब पट्टी झाली ओढणीचा काठ. लहान चौकटींची जाळी झाली डायरीचं कव्हर किंवा भेटीचा कागद. भिंतीवरच्या प्रसंगांच्या मागे मोकळ्या जागेत फुलं उधळलेली दिसतात, ती झाली अंगभर छपाई. मी आजवर ज्या ज्या वस्तू विकून पैसे मिळवले, त्यातल्या बहुतेक या चारांपैकी एका मांडणीतून आल्या आहेत.

एक गोष्ट मात्र भिंतीवरून घ्याच : पट्टे. अजिंठ्याच्या भिंतीवर राजे, दासी, प्रवासी, सगळ्यांच्या कपड्यांकडे लक्ष द्या. आडवे पट्टे, बारीक-जाड पट्टे, आज आपण इकत म्हणतो तशी पुसट कडांची नक्षी, अंग दिसेल इतकं तलम कापड, शिवलेल्या चोळ्या. म्हणजे इथल्या विणकरांचा दीड हजार वर्षांपूर्वीचा नमुनासंग्रहच भिंतीवर टांगलाय. पट्ट्याला छपाई लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या हातमागवाल्याला नुसतं प्रमाण सांगायचं : इतके धागे गेरूचे, इतके पांढरे, मग एक बारीक काळा. टसर रेशमावर तर हे फार देखणं दिसतं. तिकडे करवतीच्या दात्यांसारख्या काठाच्या साड्या होतातच, त्या काठाला अजिंठ्याच्या पट्ट्याची जोड मी एकदा देऊन पाहिली. महाग पडली, पण तेवढी एकच वस्तू मी पुण्याच्या दुकानाला उधारी न ठेवता विकली आहे.

आता बघण्याबद्दल. इंटरनेटवरचा फोटो घेऊ नका. कायद्याचं म्हणाल तर दीड हजार वर्षं जुन्या चित्रावर कुणाचा हक्क नाही, पण त्याच्या फोटोवर फोटो काढणाऱ्याचा असतो. मला एकदा एका छायाचित्रकाराची नोटीस आली होती. फोटो मी घेतलाच नव्हता, डिझाइन करून देणाऱ्या शहरातल्या माणसाने परस्पर घेतला होता, पण वस्तूवर नाव माझं होतं. माफी मागून, माल मागे घेऊन सुटलो.

खरं कारण कायदा नाहीच. फोटोवरून काम केलं की तुम्ही फोटोतला रंग, फोटोतला उजेड आणि फोटो काढणाऱ्याची चौकट उचलता. अजिंठ्याला जा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून तिथल्या बसने आत जावं लागतं, सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवलं की झालं. सकाळी पहिल्या तासात शिरा. आत पाऊल टाकल्यावर काही दिसत नाही. घाबरू नका, तसंच उभं राहा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो आणि लोक नेमके त्याआधीच बाहेर पडतात. फ्लॅश मारू देत नाहीत, ते बरंच आहे. दोघी चित्र काढणाऱ्या गेल्या तर एकीने फक्त छत, दुसरीने फक्त कपडे-दागिने असं वाटून घ्या. आत गर्दी असली तर बाहेर येऊन पायरीवर बसून आठवणीने काढा. आठवणीतून जे उतरतं तेच खरं तर वस्तूवर टिकतं. बाकीचा पसारा आपोआप गळतो.

घरी बसून अभ्यासाला एक जुना आणि भरवशाचा आधार आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला केल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच लंडनमध्ये आगीत गेल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकलाही १८६६ च्या आगीत जळाल्या होत्या. अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच होता म्हणायचा. पण ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड १८९६-९७ मध्ये छापून निघाले, आणि त्यात छतांच्या चौकटींची पानंच्या पानं आहेत. त्यांचा हक्क केव्हाच संपलाय. डिजिटल ग्रंथालयांत ते फुकट बघायला मिळतात. मोबाइलवर नको, तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर मोठ्या पडद्यावर बघा.

मग काढायला बसा. पेन्सिल नको, कुंचला घ्या. अजिंठ्याचा चित्रकार आधी गेरूने आराखडा करायचा, मग रंग भरायचा आणि शेवटी काळ्या-तपकिरी रेषेने आकार पुन्हा बांधायचा. ती शेवटची रेष म्हणजे अजिंठा. ती एका जाडीची नसते. हंसाच्या मानेला बारीक सुरू होते, छातीला जाड होते, शेपटीला पुन्हा सुटते. कॉम्प्युटरवर ट्रेस केलं की ही रेष मरते, तारेसारखी एकसारखी होते. आणि गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण त्याला वस्तू "रेडिमेड" वाटते. २ नंबरच्या लेण्यातले हंस घ्या सरावाला. एकाच रांगेत इतके हंस, पण कुणी मान वळवून मागे बघतोय, कुणी पिसं साफ करतोय, कुणी नुसताच चिडलाय. छापताना आपण एकच हंस काढून तो बारा वेळा चिकटवतो, तिथेच चोरी पकडली जाते. निदान पाच वेगळे हंस काढा आणि त्यांची रांग अशी लावा की सारखे दोन शेजारी येणार नाहीत. स्क्रीनचा खर्च तोच राहतो, फक्त डोकं जास्त लागतं.

तीस हंस काढा. पहिले वीस बदकं होतील. आमच्याकडे एक मुलगी शिकायला होती, तिचा पहिला आठवडा नुसत्या कोंबड्या निघाल्या. काढत राहिली.

रंगांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे सगळे फसतात. अजिंठा म्हटलं की लोक तपकिरी रंग घेतात. मळकट, चहात बुडवल्यासारखा. हा काही मूळ रंग नव्हे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रांची डागडुजी करून घेतली. रंग सुटू नयेत म्हणून त्यावर लाखेचं वार्निश दिलं गेलं. त्यांनी चित्रं वाचवली यात वाद नाही, पण ते वार्निश काळाने पिवळं-तपकिरी पडलं, त्यावर धूर आणि धूळ बसली. पुरातत्त्व खात्याने पुढे जिथे काळजीपूर्वक सफाई केली तिथे खालून उजळ पांढरा, ताजा हिरवा, चमकता निळा निघाला. तेव्हा तुम्ही ठरवा : आजचा अजिंठा हवा की चितारणाऱ्याच्या डोळ्यासमोरचा? दोन्ही चालतील. एकाच वस्तूत दोन्ही कालवू नका.

मूळ रंग मोजकेच होते. गेरूचा लाल, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या मातीचा हिरवा, चुना आणि तत्सम खनिजांचा पांढरा, काजळीचा काळा. निळा तेवढा परका : लाजवर्द दगडाचा, जो अफगाणिस्तानातून यायचा. ९ आणि १० नंबरच्या सगळ्यात जुन्या चित्रांत तो नाही, पाचव्या शतकातल्या लेण्यांत दिसतो आणि तिथेही हात राखून वापरलेला. आता आपल्याकडे निळ्याला वेगळाच अर्थ आहे हे तुम्हाला सांगायला नको. गिऱ्हाईक निळा मागतंच. मी देतो, पण छताच्या चालीने देतो : सगळी जमीन गेरू आणि पांढऱ्याची, मध्ये कमळाच्या भोवती निळ्याचं एकच कडं. नजर तिथेच जाते.

भिंत कशी तयार केली होती ते ऐकून तुमच्या गटातल्या म्हाताऱ्या बाया हसतील. मातीत वनस्पतींचे तंतू, भुसा, बारीक वाळू मिसळून जाड थर. त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वरून चुन्याचा हात. मग कोरड्या भिंतीवर डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. म्हणजे आपली आजी कुटार घालून कुडाची भिंत लिंपायची आणि वरून पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यायची, तेच. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, कामाचं म्हणून सांगतो. तुमच्या गटात सारवणाचा हात असलेल्या दोघी-तिघी असतील. त्यांच्याकडून एक फुटाच्या लाकडी पाटीवर मातीचा गिलावा करून घ्या, वर चुना, वर गेरूने एक कमळ. भिंतीवर टांगायची पाटी. ही वस्तू कुठल्याही कारखान्यात होत नाही आणि हिला तडा गेला तरी शोभतो. फक्त पाठीमागे जाळीचं कापड चिकटवायला विसरू नका, नाही तर मालगाडीत माती होऊन पोहोचते. माझी पोहोचली आहे.

कापडावर खरे मातीचे रंग हवे असतील तर त्यासाठी आपल्या शेतातच इलाज आहे : सोयाबीन. जपानात मातीचे रंग कापडावर धरायला सोयाबीनचं दूध पिढ्यान् पिढ्या वापरतात. आपण इतकी वर्षं सोयाबीन पेरतोय आणि भावाला रडतोय, पण हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. कृती अशी. गेरू कुटून पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, खाली राहिलेली कचकच टाकून द्या. असं तीनदा करा, मग ते पाणी रात्रभर निवळू द्या आणि तळाशी बसलेला लोण्यासारखा गेरू घ्या. दुसरीकडे मूठभर सोयाबीन रात्रभर भिजवून मिक्सरमध्ये वाटा, लिटरभर पाणी घाला, पातळ फडक्यातून दोनदा गाळा. कापड आधी खळ काढून स्वच्छ धुतलेलं हवं. त्यावर नुसत्या दुधाचा एक हात, वाळू द्या. मग दुधात गेरू कालवून पातळ पातळ दोन-तीन हात. दूध त्याच दिवशी संपवायचं, उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतच, नंतर नासतं आणि वासाने घरचे बाहेर काढतात. काम झालं की कापड तीन-चार आठवडे तसंच ठेवायचं, धुवायचं नाही. घाई केली की सगळा गेरू बादलीत.

हे भिंतीवरच्या पडद्याला, पुस्तकाच्या वेष्टनाला, दिव्याच्या कापडी छत्रीला चालतं. रोज खांद्याला घासणाऱ्या पिशवीला नाही चालत. पिशवीला बाजारातला तयार रंग (पिगमेंट) आणि तो कापडावर धरून ठेवणारा बाइंडर घ्या, गेरूच्या छटेला जुळवा, छापून वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवून पक्का करा. यात कमीपणा काही नाही. आणि पळसाच्या फुलांच्या मोहात पडू नका. फाल्गुनात सगळं रान पेटलेलं दिसतं, फुकटचा रंग वाटतो, मीही ४० ओढण्या रंगवल्या. दुकानाच्या काचेत दीड महिन्यात पांढऱ्या झाल्या. पिवळा हवा तर डाळिंबाच्या साली आणि तुरटी. काळा हवा तर गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात मुरवून, आधी हिरड्यात बुडवलेल्या कापडावर.

आता गिऱ्हाईक. तुम्ही प्रदर्शनात पर्यटकाची वाट बघत होतात. ताई, तुमचं गिऱ्हाईक विमानतळावर नाही, वर्षावासात तुमच्याच गावच्या विहारात ग्रंथवाचन ऐकत बसलंय. आषाढ ते आश्विन रोज संध्याकाळी बाया जमतात. त्यांच्या हातात काय असतं ते बघा. ग्रंथ गुंडाळायला साधं फडकं, वंदनेच्या पुस्तिकेला प्लॅस्टिकचं कव्हर, बसायला सतरंजी, मेणबत्ती लावायला स्टीलची ताटली. यातली प्रत्येक वस्तू अजिंठ्याच्या छतातून चांगली करता येते. ग्रंथाचं वेष्टन म्हणजे चौकोनी रुमालच : मध्ये कमळ, कडेला हंसांची रांग, चार टोकांना बांधायला नाड्या. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा जाहिरात केली नाही, चार विहारांत एकेक नग नुसता दिला. वैशाख पौर्णिमेपर्यंत मागणी येत राहिली. लग्नपत्रिकाही बघा. बौद्ध पद्धतीच्या लग्नाच्या पत्रिकेवर अजूनही तेच पिंपळपान आणि तीच सोनेरी शाई चालते. तिथे एका चांगल्या कमळचौकटीला फार जागा आहे.

आणि आमच्या विदर्भाचं खास : तान्हा पोळा. १ नंबरच्या लेण्यात झुंजणाऱ्या बैलांचं एक छोटं चित्र आहे. त्यांची रग, वळलेल्या माना बघून मला नागपूरच्या चितार ओळीतले लाकडी बैल आठवले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात, त्या बैलांवर हल्ली चकचकीत ऑइलपेंट आणि टिकल्याच जास्त असतात. गावातल्या सुताराकडून साधा बैल घ्या, पांढरी जमीन द्या, पाठीवर झुलीच्या जागी छताची चौकट, गळ्यात अजिंठ्याच्या दागिन्यातली मोत्यांची सर. मागच्या खेपेला २५ केले, २५ गेले, त्यातले निम्मे मोठ्या माणसांनी स्वतःसाठी नेले. हिशेब असा बसला : सुताराचे १६०, रंग-सामान २५, रंगवणारीची मजुरी १२०, डबा २०. सव्वातीनशेला पडला, ५५० ला विकला. दुकानदाराला द्यायचा तर तो निदान ३० टक्के मागतो, म्हणजे हाती ३८५ राहतात. म्हणून मजुरी आधी धरा, शेवटी उरेल ते मजुरी असं करू नका. बचत गट तिथेच बुडतात. स्वतःचा वेळ फुकट धरून स्वस्त विकतात आणि दुसऱ्या वर्षी कुणीच बसत नाही.

वस्तूला जोडायच्या चिठ्ठीबद्दल दोन शब्द, कारण त्यावर खोटं लिहिण्याची हौस फार. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. तिथल्या वाकाटक राजघराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने १६ नंबरचं लेणं कोरून घेतलं, तसा शिलालेख तिथे आहे. ही गोष्ट आपल्या भागासाठी मोठी आहे आणि खरी आहे, ती जरूर लिहा. पण "आमच्या राजाने अजिंठा बांधला" असं लिहू नका. १७ नंबरचं एका मांडलिक राजाच्या देणगीतून झालं, २६ नंबरचं बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवलं, आणि ९-१० नंबरची तर वाकाटकांच्या कितीतरी शतकं आधीची. तुमचा हंस २ नंबरच्या छतावरचा असेल तर तेवढंच लिहा : "अजिंठा, लेणं क्रमांक २, छत." वाचणारा पुढच्या वेळी तिथे गेला की मान वर करून तुमचा हंस शोधतो.

चेहरा कधीच वापरायचा नाही का? वापरा की. भिंतीवर टांगायची चौकट, कॅलेंडरचा वरचा भाग, जिथे नजर वर जाते तिथे. बसायच्या, पुसायच्या, पायात यायच्या, उष्ट्या होणाऱ्या वस्तूवर बुद्धाचं किंवा बोधिसत्त्वाचं रूप नको. पिशवीवरही नको, कारण पिशवी जमिनीवर टेकते. आसनावर कमळ चालेल का, यावर आमच्या विहारात दोन तट पडले. मी कमळाऐवजी पट्टे दिले, वाद मिटला.

तुमच्या उरलेल्या मगांचं काय करायचं तेही विचारलं होतं. पेनं ठेवायला म्हणून विका, भाव थोडा उतरवून. पिशव्यांचा छापलेला भाग कापून, मागे पुठ्ठा लावून चौकटीत बसवा. कापड वाया जाणार नाही.

पोळ्याला अजून वेळ आहे. आधी दोघी जाऊन या, मग हंस काढा, मग एकच वस्तू निवडा. ग्रंथाचं वेष्टन घ्या असं मी म्हणेन, त्याला शिलाई सोपी आहे आणि चूक झाकता येते. आणि हो, दुधासाठी सोयाबीन घ्याल ते खायचं घ्या. पेरणीतून उरलेलं बियाणं मिक्सरला लावू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.